तांदळाच्या मापाची झोळी

तीर्थरूप आईस,

माझा नमस्कार, आणि तुझ्या नातीचाही. तिचा मात्र पायाचा अंगठा तोंडात धरून.

आमची पायी यात्रा नक्की झाली. अकरा दिवस, रोज बाराच किलोमीटर, दुपारच्या आत मुक्काम. डॉक्टरीणबाईंनी पोरीला तपासून खुशाल जा म्हटलंय. खोकला आता नावालाच उरलाय.

तुझ्या जावयांचा प्रताप ऐक. एवढे नावाजलेले शिंपी, पण पोर माप घेऊ देईना, म्हणून तिच्या वजनाएवढी तांदळाची पिशवी समोर ठेवून त्यांनी तिला पाठीवर न्यायची झोळी शिवली. ती पिशवी झोळीत घालून आम्ही महिनाभर जिने चढलो-उतरलो. काल पहिल्यांदा पोरीला आत ठेवलं, तर पाय बाहेर काढायला जागाच नाही! तांदळाला कुठले आलेत पाय? मी हसून हसून बेजार. हे मुकाट्यानं उसवत बसलेत.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या वेळेवर घेतात का?

एक विचारायचं होतं. मी तान्ही असताना तू मला घेऊन हीच वाट चाललीस, हे तू नेहमी सांगतेस. मावशी परवा फोनवर म्हणाली, चौथ्या दिवशी मला ताप भरला आणि तू परत फिरलीस. मी रागावले नाही गं. उलट ऐकल्यापासून मला धीर आलाय. फक्त देवळापर्यंत न पोचता मागे फिरायचं, हे मनाला कसं पटवलंस, तेवढं आम्ही निघायच्या आत लिहून कळव.

तुझीच,
अर्ध्या वाटेवरून परत आणलेली लेक