न उघडणारं शटर

४ फेब्रुवारी १९९०, रविवार

पोचलो एकदाचे पनवेलला. सामान उतरवताना एकच बरणी फुटली, तीही रिकामी, म्हणजे सुरुवात चांगली म्हणायची. माझी बदली इथल्या विमा कार्यालयात झालीय आणि इंद्रजीतची नोकरी उरणच्या गॅस प्रकल्पात, त्यामुळे दोघांचीही सोय. बंगला बैठा, ऐसपैस, मागे शेवग्याचं झाड आणि बाजूला चक्क गॅरेज. आमच्या सेकंडहँड फियाटला आयुष्यात पहिल्यांदा छप्पर मिळणार म्हणून इंद्रजीत नुसता हवेत आहे. अनुयानं पाच वर्षांच्या अधिकारानं सगळ्या खोल्या पाहिल्या आणि आपली कोणती ते परस्पर ठरवून टाकलं.

फक्त गॅरेजचं शटर उघडेना. घरमालक दिनानाथ हे उरणजवळच्या करंजा बंदराचे, त्यांचा बोटींचा धंदा. मासळीच्या टेम्पोसाठी त्यांनी हे गॅरेज बांधलं होतं. स्प्रिंग गेलीय, माणूस पाठवतो, म्हणाले. हे सांगताना त्यांनी शटरकडे एकदाही पाहिलं नाही. दावे तपासून तपासून मला ही खोडच लागलीय. माणूस काय बोलतो ते मी नंतर ऐकते, तो कुठे बघायचं टाळतो ते आधी टिपते.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

माणूस आला नाही. येणार नव्हताच. इंद्रजीतनं रॉकेल सोडलं, ग्रीस चोपडलं, मग दोघांनी मिळून ओढलं. शटर ढिम्म. तो हात धुवायला गेल्यावर मी टॉर्च घेऊन खाली बसले. शटर ज्या उभ्या पट्ट्यांतून सरकतं त्या दोन्हींत लाकडी पाचरी ठोकलेल्या निघाल्या, आणि दिसू नयेत म्हणून वरून ऑइलपेंटचा हात मारलेला. कुलपाच्या भोकात एम-सील भरलेलं. म्हणजे हे शटर बिघडलेलं नाही, बिघडवलेलं आहे, आणि तेही बाहेरून.

आमच्या खात्यात आल्या आल्या शिकवतात की कोणी आपल्याच वस्तूची नासधूस केली तर त्याचा फायदा शोधा. करंजा, बोटी, गुपचूप उतरणारा माल. मी इंद्रजीतला म्हटलं, आत घड्याळं नाहीतर व्हीसीआर कोंबलेले असणार. तो म्हणाला, तुला देवळातल्या पुजाऱ्याचाही संशय येतो. येतोच मुळी.

११ फेब्रुवारी, रविवार

इंद्रजीतला सुट्टी होती म्हणून छिन्नीनं एक पाचर काढायला बसलो. तो छिन्नी चालवत होता आणि मी हातोडीनं पत्र्यावर ठोकून बघत होते, आत भरलेलं लागतं की पोकळ. पोकळ लागलं. आणि पाठोपाठ आतून तस्संच ठोकल्याचं ऐकू आलं, माझ्याच ठेक्यात.

इंद्रजीतला काही ऐकू आलं नाही. रिकाम्या जागेत आवाज घुमतो गं, म्हणाला. त्यानं स्वतः ठोकून पाहिलं तेव्हा आत शांत होतं. मग मी ठेका बदलला. आतलाही बदलला, पण जरा उशिरा, आधी नीट ऐकून घेतल्यासारखा. घुमणारा आवाज ऐकून घेत नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

पाचर मात्र निघाली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

रजा टाकली. अनुया शाळेत, इंद्रजीत कामावर. शटरला कान लावून विचारलं, आत कोण आहे. थकलेला बायकी आवाज आला.

"ताई, मी ठमा. दिनानाथची बायको. मना भाईर काढा."

म्हणजे माल नव्हे, माणूस. बायकोला कोंडून हा मेला पान खात गावभर हिंडतोय. पोलिसांत जायचं म्हणून साडी बदलत होते तोच बेल वाजली. दारात दिनानाथ, आणि बरोबर एक ठसठशीत बाई, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. ही आमची ठमाबाई, त्यांनी ओळख करून दिली.

चहा करताना साखर सगळी ओट्यावर सांडली. ठमाबाई गोड बोलत होत्या, जरा जास्तच गोड. निघताना मला एकटीला गाठून हळूच म्हणाल्या, "ताई, त्या शटराशी बोलू नका. आमी बंद केलंय त्ये बंदच बरं हाय."

दिनानाथ तिच्यापासून चांगले दोन हात लांब उभे होते. ते आपल्या बायकोकडेही बघत नव्हते.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

डोकं शिणलं विचार करून. उत्तर एकच, दोन बायका. पहिली आत, दुसरी गजरा माळून बाहेर. असले दावे पाहिलेत मी, नवरा एक आणि विम्यावर हक्क सांगायला दोघी विधवा. पोलिसांना सांगितलं. हवालदार आला, शटरवर दंडुका आपटला, आतून हूं की चूं नाही. जाताना इंद्रजीतला बाजूला घेऊन म्हणाला, वहिनींना जरा विश्रांती द्या. इंद्रजीतनं मान डोलावली. त्याचा फार राग आला.

हवालदार गेल्यावर मी ठोकलं. लगेच उत्तर. पण तिचं बोलणं बदललंय. आता माझ्यासारखं बोलते, शहरी, स्वच्छ. मी म्हटलेलं आधी स्वतःशी म्हणून बघते.

१९ फेब्रुवारी, सोमवार

अनुयानं विचारलं, आई, दुपारी गॅरेजमधून मला हाका का मारत होतीस?

दुपारी मी ऑफिसात होते.

घर सोडावं असं दिवसभर वाटतंय. पण आत खरंच जिवंत बाई असली तर? आणि नसली तर माझ्या आवाजात माझ्या लेकीला बोलावणारं ते काय आहे? भीती वाटते आणि बघितल्याशिवाय चैनही पडत नाही. उद्या दुसरी पाचर काढते. इंद्रजीतला सांगणार नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

पाचर काढली. कुलूप तोडलं. शटर कमरेपर्यंत अलगद वर गेलं. आत कोणी नाही. मोकळी फरशी, मासळीचा जुना वास. भिंती बघायला वाकून आत शिरले, आणि काहीतरी मला घासून बाहेर गेलं. ओलं, घाईघाईनं —

शटर खाली आलं.

पर्स खांद्याला होती म्हणून डायरी आहे. खालच्या फटीतून उजेड येतोय, तेवढ्यात लिहितेय. ठोकलं. ओरडले. अनुया शाळेतून आली, तिची पावलं ओळखली मी.

बाहेर माझा आवाज. माझाच.

"चल गं बाळा, नाय उघडत ते."

नंतर. तारीख कळत नाही

इंद्रजीत आला. तिच्याशी बोलला. मी घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. त्याला ऐकू जात नाही — आधीही कुठे गेलं होतं. ती म्हणाली, दिनानाथांना बोलवा, शटर होतं तसं बंद करून घेऊ. सुटलो बाबा एकदाचे, म्हणाला. हसला. किती दिवसांनी हसला.

पाचरी ठोकल्या. दोन्ही. बोटभर फट उरलीय. भूक लागत नाही. झोपही नाही.

आतली खरंच ठमा होती. तिचा राग येत नाही — तिला नुसतं घरी जायचं होतं. कोणी ठोकायची वाट बघायची. मग त्याचा ठेका. मग बोलणं. मग आवाज. मला कोणी शिकवलं नाही. आपोआप येतं —

कोणीतरी ठोकलं. माझा हात उठला, माझं न ऐकता. दुसऱ्या हातानं दाबून धरला.

अनुया आहे.

परत आलीय. फटीशी तोंड लावून कुजबुजते. म्हणते, बाहेरच्या आईला आपल्या गोष्टीतल्या कोल्ह्याचं नाव माहीत नाही. वेणीही वेगळी घालते. माझीच लेक, संशय अंगातच आहे. मला रडू येतंय. आणि पाचरीवर काहीतरी खरवडल्याचा आवाज —

"आई, आत तूच आहेस ना? नुसतं हो म्हण. मी उघडते."

बोलायचं नाही. हिला ऐकू जातं. हिलाच जातं. पदर तोंडात कोंबलाय. तिचा तो बोबडा र माझ्या जिभेवर यायला लागलाय, मला नको असताना —

खरवडणं थांबत नाही. पाचर हलली.

तिला सांगायला हवं. जा म्हणून, पळ म्हणून. पण जा म्हणायलासुद्धा बोलावं ला—