तुझा हात गेलेला नाही

प्रिय कप्तान,

फोनवर बोटीचा ‘बो’ जरी काढला तरी तू लगेच ‘ताईशी बोल’ म्हणतोस आणि फोन वन्संच्या हातात देऊन मोकळा होतोस. मग वन्सं मला स्वतःच्या गुडघ्यांपासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं सांगतात, फक्त तू कसा आहेस ते सोडून. म्हणून हे पत्र. हे तू वन्संच्या हातात दिलंस तर त्या मोठ्याने वाचतील, आणि तू बायकोला किती घाबरतोस ते घरभर होईल. तेव्हा मुकाट्याने गॅलरीत जा, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

मी बरी आहे. रागात आहे, पण बरी आहे. नदीपार जायची आपली फेरी धक्क्याच्या समितीने दुसऱ्या बोटीला दिली, हे तुला कळलंच असेल. तू वन्संकडे निघून गेल्यावर चार दिवस मी तिकिटांची पिशवी घेऊन सवयीने धक्क्यावर जाऊन उभी राहायचे. रोजचे प्रवासी माझ्याकडे असे बघायचे की जणू घरात कुणी गेलंय. तुम्ही सगळे ज्याला भोंगा म्हणता त्याने तर कमालच केली. समितीचा अध्यक्ष झाला म्हणून काय झालं, आवाज अजून पलीकडच्या काठावर जातो. सगळ्यांसमोर मला म्हणाला, वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, वय झालं की सुकाणूवरचा हात जातोच माणसाचा. मी घरी येऊन पातेली अशी घासली की एकाचा कान निघाला.

त्या दिवसाबद्दल तू एक अक्षर बोलला नाहीस, म्हणून मीच लिहिते. बोटीखालच्या पंख्यात दोरी अडकली. इंजिन बंद करून ती काढायची, हे तू केलंस ते बरोबरच केलंस. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. दोरी निघाली, तू किल्ली फिरवलीस, आणि नुसतं ‘टक’. पुन्हा ‘टक’. मग तेही नाही. बोट पुलाच्या खांबाकडे वाहत चालली, बायका किंचाळायला लागल्या, आणि तू एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने किल्ली फिरवत होतास. मी तुझ्या मागेच होते. तुझा हात थरथरत नव्हता. खांबाला धडकलो तेही कडेने, कारण ऐन वेळी तू बोटीचं तोंड वळवलंस. फळी तडकली, माणूस एकही पडला नाही. आणि धक्क्याला ओढून आणल्यावर मेस्त्रीने किल्ली फिरवली, तर बया पहिल्या झटक्यात सुरू! सगळ्यांनी तुझ्याकडे वळून पाहिलं. गिअर न्यूट्रलला न आणता किल्ली फिरवली असेल, घाबरला असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि तू मान खाली घातलीस. मला राग आला तो त्या मानेचा. लोक म्हणतात ते म्हणतात. तू कशाला मान्य केलंस?

कारण हा आजार त्या दिवसाचा नव्हताच. आठव. थंडीत एकदा असंच झालं, तेव्हा मेस्त्रीने बॅटरी बदलली. पंधरा-वीस दिवस सुतासारखी सरळ चालली, मग पुन्हा सकाळी ‘टक’. मग स्टार्टर काढून नवा बसवला. पुन्हा काही दिवस बरं, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी आपण ‘झालं एकदाचं’ म्हणायचो. मी बसून विचार केला की मेस्त्री येतो तेव्हा ती नेमकी सुरू होते, आणि चालू इंजिनात तो रोग शोधणार तरी कसा? ताप उतरल्यावर डॉक्टरकडे नेलेल्या पोरासारखं आहे हे. म्हणून मी ठरवलं की काही बदलायचं नाही, काही ठोकायचं नाही. ती बिघडेपर्यंत वाट बघायची, आणि बिघडली की हलूच द्यायचं नाही.

विजेच्या दुकानातून बॅटरीवर लागणारा एक बल्ब आणि दोन लांब वायरी घेतल्या. दुकानदाराने विचारलं, घरी कुणी पुरुषमाणूस नाही का. म्हटलं, आहे, पण सध्या रुसलाय. रोज सकाळी बोटीत जायचे, गिअर न्यूट्रलला आहे ना ते हाताने तपासायचे आणि किल्ली फिरवायचे. सुरू झाली की थोडा वेळ चालू ठेवून बंद करायचे आणि पुन्हा फिरवायचे. धक्क्यावरचे लोक हसायचे. आपला गोदीवाला म्हणाला, वहिनी पूजा घालताहेत इंजिनाची. घालू दे म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी किल्ली फिरवली आणि ‘टक’. खरं सांगते, तू लग्नाला होकार दिलास तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

पायसुद्धा जपून टाकत खाली उतरले. किल्लीला दोरी बांधून ठेवली होती, म्हणजे खालून ओढून ती फिरवता यावी. बॅटरीच्या दोन टोकांना बल्ब लावला, तो लख्ख. म्हणजे बॅटरी निर्दोष. मग एक वायर बॅटरीच्या काळ्या टोकाला आणि दुसरी स्टार्टरच्या मोठ्या बोल्टला लावून दोरी ओढली. तिथेही लख्ख, म्हणजे लाल वायरीतून वीज नीट येत होती. मग वाटलं, येते ती परत कुठून जाते? तर इंजिनाच्या अंगातून, काळ्या जाड वायरीने, बॅटरीकडे. म्हणून एक टोक काळ्या टोकालाच ठेवलं आणि दुसरं नुसतं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवलं. ही दोन्ही ठिकाणं त्या वायरीने जोडलेली, तिथे उजेड पडायला नको. दोरी ओढली आणि कप्तान, बल्ब लागला! परतीची वाटच बंद होती. मी ती काळी वायर इंजिनाखाली दोन बोटांनी जराशी उचलली, दोरी ओढली, आणि इंजिन सुरू.

वरून वायर नव्यासारखी दिसत होती. टोकाचं रबर चाकूने कापलं तर आत हिरवी भुकटी. तळाला साचणाऱ्या पाण्याने तांबं खाऊन टाकलं होतं. थोड्या तारा तेवढ्या तग धरून होत्या. इंजिन बंद होताना हिसका बसतो, त्यात त्या कधी टेकायच्या, कधी सुटायच्या. आणि बॅटरी बदलताना, स्टार्टर बदलताना ती वायर हलायची, म्हणून दर वेळी आपल्याला वाटायचं, दुरुस्त झाली. त्या दिवशीही तेच झालं. खांबाला धडकल्यावर जो दणका बसला, त्यानेच ती पुन्हा जुळली असणार. मेस्त्रीने नुसती किल्ली फिरवली. तू नदीच्या मध्यात ती हजार वेळा फिरवली असतीस तरी काही होणार नव्हतं.

मेस्त्रीला बोलावून दाखवलं. त्याने वायर हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केली. मग म्हणाला, वहिनी, मी दोनदा हिला हात लावून बाजूला सारलीय. चांगला माणूस आहे तो. दुपारचं जेवणही न करता नवी वायर तयार करून आणली, आणि समितीपुढे मी बोलतो म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही या, पण बोलणार मी.

समितीची माणसं बोटीवर आली. नव्या वायरीवर इंजिन सुरू करून दाखवलं. भोंगा म्हणाला, आज झाली हो, उद्याचं काय? आतापर्यंतही होतच होती की मधूनमधून. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही त्याच्या जागी तेच विचारलं असतं. म्हणून मी मेस्त्रीला नवी वायर काढायला लावली आणि जुनी पुन्हा बसवली. भोंग्यालाच किल्लीशी बसवलं. म्हटलं, आता तुम्ही कप्तान, फिरवा. मी खाली बसून वायर खाली दाबली, ‘टक’. उचलली, सुरू. बंद करायला लावून पुन्हा दाबली, ‘टक’. त्याने गिअर तपासला, पुन्हा किल्ली फिरवली, घाम पुसला. पाचव्यांदा मी खालून ओरडून विचारलं, काय हो अध्यक्ष, तुमचाही हात गेला का? धक्क्यावर जो काही हशा पिकला! तोही हसला शेवटी, आणि तशाच मोठ्या आवाजात म्हणाला की आपलं चुकलं. पलीकडच्या काठावर ऐकू गेलं असेल. फेरी आपल्याला परत मिळाली आहे.

आता हे सगळं आजच का लिहिते ते सांगते. काल सकाळी दारात भंगारवाला उभा होता. बोट तोडायला न्यायची आहे, कप्तानांनी फोन केलाय म्हणाला. माझ्याशी बोलायला तुला फोन धरवत नाही, आणि त्याच्याशी बोललास! मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. बोट दोघांची आहे, आणि माझ्या जिवात जीव आहे तोवर ती तुटणार नाही. शिवाय मी चालकाच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. मेस्त्री शेजारी बसतो आणि मी रिकामी बोट चालवायला शिकतेय. सरळ उत्तम जाते, पण धक्क्याला लावताना प्रवाह मागून आला की दर वेळी आपटते. मेस्त्रीला इंजिन कळतं, पाणी कळत नाही. ते तुला कळतं. यायचं असेल तर त्यासाठी ये, माझी समजूत काढायला येऊ नकोस. आणि नाहीच आलास तरी परीक्षेला मी बसणार आहे. आपटत आपटत शिकेन, पण शिकेन.

तुझीच,
हट्टी