राजेश्वरीचं हाड, माझी पाठ

मु. बेडसे, ता. मावळ

ती. अंबाजीदादा आन् वैनीस सोपानचा दंडवत. दादांचा गुडघा आता जिना चढतोय असं कळलं, लय बरं वाटलं. हितं आमी खुशाल हाय, म्हंजे खाटेवर पडून खुशाल हाय.

आमच्या कैलासच्या पोरीचं, राजेश्वरीचं, ऑपरेशन झालं. जन्मापासनं फाटलेला ओठ तान्ही असतानाच शिवला होता, पण वरच्या हिरडीत फट राहिली होती. आता दहाव्या वर्षी डॉक्टरनी तिच्याच कमरेचं हाड जरासं काढून त्या फटीत भरलं. (मी म्हणालो, माझं घ्या. डॉक्टर हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, मला अजून कळलं न्हाई.) तोंड चार दिसांत विसरली पोर, दुखत होती ती कंबर. भेटायला येणारा तोंड बघायला यायचा आन् तिला लंगडताना बघून माझ्याकडं असा बघायचा, जसा डॉक्टर भलतीकडंच चुकलाय. शेजारची चिमाबाई तर म्हणाली, केस ठोका.

डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या दिवसापासून चालवा, फक्त सहा आठवडे पळणं-उड्या नकोत. आता सांगा दादा, चाक काढून घेतल्यावर गाडी हाका म्हणतं का कुणी? घरी आणल्यापासनं मी तिला पाय टेकू दिला न्हाई. पडवीतनं न्हाणीत, न्हाणीतनं पडवीत, सगळं माझ्या पाठीवरनं. पाचव्या दिशी उंबऱ्यातच अशी उसण भरली की पोर अलगद खाली उतरली आन् मी तितंच वाकलेला राहिलो. तिनंच हाताला धरून खाटेवर नेलं, लंगडत, पण स्वतःच्या पायानं. त्या दिशी आलेली माणसं शहाळी माझ्या उशाला ठेवून गेली.

सूनबाई सारिका आता दोघांना एकाच पातेल्यातला मऊ भात कालवून देती. (उसणीला चावायची बंदी कशापायी, हे विचारायची सोय न्हाई.) संध्याकाळी पोर मला देवळापत्तुर चालवती. तुमच्या ओंकारच्या लग्नाला अजून दोन महिने हायती, तवर दोघांनी सरळ चालायचं, असा तिचा हुकूम हाय.

तुमचा धाकटा,
सोपान

ता. क. ओंकारची करवली राजेश्वरीलाच करा. साखरपुड्यात फोटोच्या टायमाला वैनींनी तिला मागं सरकवली, दोन दिवस पोर कुणाशी बोलली न्हाई. माझं काळीज तुटलं, दादा. न्हाई म्हणालात तर आमच्या घरातलं कुणी लग्नाला येणार न्हाई.

ता. क. दुसरा. पोरीनं हे वाचलं. म्हणती, आबा, ते शेवटचं खोडा, मला काकाच्या लग्नाला जायचंच हाय, मागं उभी केली तरी. धमकी खोडली समजा. मागणं खोडलेलं न्हाई.