सात नंबरची ट्यूब

वहिनी,

लॅबमधून धावत आले तर घराला कुलूप. माझ्या किल्लीने उघडलं, तर तुझा फोन इथेच चार्जिंगला. म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर लावून तुम्हाला बागेत शोधायला जातेय.

बाळाच्या हिरडीला लावायला मी दिलेली सात नंबरची ट्यूब आता अजिबात वापरू नकोस. ती दुकानातली नव्हती. लॅबमध्ये तपासायला आलेल्या ट्यूबांपैकी एक मीच गुपचूप उचलून आणली होती. आज निकाल आला. काचेच्या बशीत वाढवलेल्या हिरडीच्या पेशींवर ते जेल घातलं, तर सूज उतरायची सोडून दुप्पट झाली. जागा बधिर होते, म्हणून दुखणं कळत नाही एवढंच.

"किती शहाणा झालाय, रडतच नाही," असं तू काल म्हणालीस, तेव्हा मीही हसले होते.

ट्यूब खणात नाही, म्हणजे तुझ्या पिशवीत असणार. बादलीत त्याची तीन लाळेरी भिजत आहेत आणि पाणी गुलाबी झालंय.

चुकामूक झाली तर तशीच डॉक्टरांकडे जा, ट्यूब घेऊन. दादाला मी सांगेन.

वाटेत तो रडायला लागला तर गप्प करू नकोस. रडू दे गं त्याला.