ग्रीनिचची वेळ आणि फ्रँकफर्टची हायके

६ फेब्रुवारी, सोमवार
सिस्टिम्सच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली. आमच्या ब्रोकर कंपनीच्या सर्वेसर्वा मिसेस ऑलरटन म्हणाल्या, शेअरबाजाराच्या यंत्राशी आपलं यंत्र ज्या भाषेत ऑर्डरी बोलतं, त्या भाषेचं एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर पारखून द्या. मार्चअखेर चालू झालं तर खुर्ची तुमची, नाहीतर फ्रँकफर्ट ऑफिसच्या हायकेची.
हायके! हसू आवरेना.
संकल्प: तीन सॉफ्टवेअरं कसून तपासणार. माहितीपुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचणार.

९ फेब्रुवारी
पुस्तिका उघडली. पान चौथं: बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक निरोपावर ग्रीनिचची वेळ हवी. आता हे मला शिकवणार! अहो, मी लंडनात ग्रीनिचलाच राहतो. जगाला वेळ आमच्या टेकडीवरच्या वेधशाळेतून जाते. पुस्तिका मिटली.

२१ फेब्रुवारी
दुसरं सॉफ्टवेअर बाद, बसवायला किचकट. तिसरंही बाद. त्याच्या कर्त्याला शंका विचारली तर म्हणतो, आधी पुस्तिका वाचा. उद्धट मेला.
पहिलं मात्र झकास. बाजाराच्या चाचणी-यंत्राकडे ढीगभर ऑर्डरी पाठवल्या, एकही परत आली नाही. वेळेची सेटिंग आयतीच ‘स्थानिक वेळ’ होती, तशीच ठेवली. स्थानिक म्हणजे ग्रीनिचच की!

२ मार्च
हायकेने तेच फ्रँकफर्टला लावून पाहिलं. म्हणे, सगळ्या ऑर्डरी नाकारल्या, कारण निरोपांवर तिथली स्थानिक वेळ पडते, ग्रीनिचच्या तासभर पुढची. जर्मन माणसं वेळेआधी पोचतात हे ठाऊक होतं, पण तासभर? पबमध्ये सांगितलं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा बार्नबी बिअर सांडेपर्यंत हसला.

१० मार्च
हायकेचा पुन्हा फोन. डेझमंड, ती सेटिंग बदल रे बाबा, नाहीतर रडशील. म्हटलं, बाई गं, जगाला वेळ आमच्या टेकडीवरून जाते, माझ्या पडद्यावर सगळे दिवे हिरवेगार आहेत. फोन ठेवल्यावर बार्नबीला म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं.

२४ मार्च, शुक्रवार
मंजुरी मिळाली! सोमवारी खऱ्या बाजारात. मिसेस ऑलरटननी विचारलं, हायकेचा आक्षेप होता त्याचं काय? म्हटलं, तिच्या पोटात दुखतंय, दुसरं काय.
प्रमुखाच्या कोपऱ्यातल्या खोलीत माझा मग नेऊन ठेवला. खिडकीतून नदी दिसते. रोझलिंडला सांगितलं, तर तिने लगेच आईला फोन करून बातमी दिली. बायको नवऱ्याचं कौतुक करते, असे दिवस थोडेच येतात.

२६ मार्च, रविवार
उन्हाळी वेळ सुरू. देशभर घड्याळं एक तास पुढे करायची. मी घरभर फिरून सगळी लावली. ओव्हनचं, गाडीतलं, जिन्यातलं. रोझलिंडने विचारलं, काही राहिलं का? म्हटलं, अगं, माझ्या हातून कधी काही राहतं का?

२७ मार्च, सोमवार, सकाळी ८.०५
राहिलं.

सकाळी ८.४०
एकूण एक ऑर्डर परत. बाजार म्हणतो, निरोपांवरची वेळ तासभर पुढची आहे. आमची घड्याळं पुढे सरकली, ग्रीनिचची प्रमाणवेळ मात्र उन्हाळ्यातही जागची हलत नाही. ग्राहक फोनवर आईबाप काढतायत. बार्नबी माझ्याकडे बघतही नाही.
हायकेचा फोन आला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, डेझमंड, तुमच्या टेकडीवरून जगाला आज किती वाजता वेळ गेली रे? मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने सेटिंग सांगितली, मी बदलली. लगेच ऑर्डरी जाऊ लागल्या.

संध्याकाळ
मिसेस ऑलरटनना शांतपणे समजावलं. माझी निवड मुळात चुकलेलीच नाही. ऑक्टोबरात घड्याळं मागे आली की माझी जुनी सेटिंगही पुन्हा बिनचूक. जरा धीर धरायला हवा, एवढंच. त्या म्हणाल्या, धरते की. तुम्हीही धरा, हायकेच्या हाताखाली.
कोपऱ्यातल्या खोलीतून माझा मग परत आणला.
घरी आलो तर सासूबाईंचा केक आलेला. वर आइसिंगने ‘साहेब’ लिहिलंय. रोझलिंड यायच्या आत तेवढी अक्षरं खाऊन टाकली.