जाड तार

चांदा, मंगळवार, फेब्रुवारी १९५६

आज आरामशीनीची मोटर जळली. जाळली मीच.

सागाच्या ओंडक्यात पातं अडकलं की फ्यूज उडतो, आणि फ्यूज उडाला की आमचे मालक काकाजी त्या मनोहर फिटरला बोलावणं धाडतात. मग त्यांची मुलगी कुसुम त्याला कपात चहा देते. मी रोज इथंच राबतो, मला गिलासात! परवा तो तिला शिकवत होता, "व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे नळातून धावणारं पाणी." ती म्हणाली, "किती सोपं करून सांगता जी तुम्ही!" अरे, मीही सांगितलं असतं. कॉलेज सोडलं म्हणून काय सगळं विसरलो?

फ्यूजच उडाला नाही तर तो येईल कशाला? म्हणून सकाळी मी फ्यूजमध्ये जाड तार पिळून बसवली. दुपारी पातं अडकलं. अडकलेली मोटर चालतीपेक्षा पाच-सहापट करंट ओढते, तो तोडायलाच बारीक तार असते, हे मला पाठ होतं. तरी डोळ्यांपुढं तो कपातला चहा. खटका पाडेपर्यंत धूर निघाला.

मनोहरनं तार पाहिली, मग मला पाहिलं. काकाजींना एवढंच म्हणाला, "मोटर पुन्हा भरा लागन. तार गुंडाळाले आठ दिवस तरी जाईन."

"मंग इथीच राहा ना," काकाजी म्हणाले. "रोज जाणं-येणं काऊन करता?"

संध्याकाळी कुसुम ओसरीवर त्याच्यासाठी सतरंजी अंथरत होती. मलाच म्हणाली, "भाऊ, ते टोक धरा जरा."

धरलं.