ओलं गुंडाळलेलं छत

२८ सप्टेंबर, रवि.
दसऱ्याला पूजा करायची म्हणून कॅम्पर व्हॅन धुवायला काढली. निवृत्तीनंतर, आतच झोपता येईल अशी गाडी म्हणून हौसेनं घेतली. अडीच वर्षांत तीनदा बाहेर पडली, बाकी सगळा काळ सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये. बाजूचं कापडी छत उलगडलं आणि कुबट वास नाकात शिरला. जागोजागी काळे ठिपके. बुरशी.
जूनमध्ये भंडारदऱ्याहून निघताना ओलंच गुंडाळलं होतं. घरी आल्यावर वरून जाड प्लास्टिक, आवळून सुतळी. पाणी आत जायला नको! आतलं बाहेर कसं जाणार, हे सुचलं नाही. इंजिनिअर म्हणे. टीव्हीच्या रिमोटलाही पिशवी घालणारा माणूस मी, दुसरं काय करणार.
बायको, सुनंदा, तेव्हाच म्हणाली होती, "अहो, आधी वाळवा, मग गुंडाळा." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."
तिला आज काही सांगितलं नाही.

२९, सोम.
कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. दोन तास. मग व्हिनेगर. ठिपके फिकट झाले, गेले नाहीत. कडेची शिवण मात्र हातात आली. वरच्या मजल्यावरचे परांजपे थांबून बघत होते. "मांडव का? कार्य कुणाचं?" मी ब्रश घासत राहिलो.
सु. बारा तारखेला हिंजवडीला मुलीकडे राहायला जाणार. मुलीची रजा संपतेय, नातू वर्षाचा होईपर्यंत सु. तिकडेच. त्याआधी चार दिवस दोघांनीच पुन्हा भंडारदऱ्याला जावं असं फार वाटतंय. पण जूनपासून गाडीचं नाव काढलं की एकच उत्तर: "तुम्ही जाऊन या."

३०, मंगळ.
सु. मुलीकडे गेलेली, तेवढ्यात ताडपत्रीवाल्याला बोलावलं. मोठ्या सुईनं जागेवरच शिवून दिलं.
"बंद कधीपासून?"
"जूनपासून."
"काका, वारा तरी लागू द्यायचा. उघडीप मिळाली की उलगडायचं. आणि वापरायचं की! जपलं कशासाठी एवढं?"
पैसे दिले.

१ ऑक्टो., बुध.
जूनमधली भंडारदऱ्याची ती संध्याकाळ डोक्यातून जात नाही. भुरभुर पाऊस. सु.नं छताखाली खुर्च्या मांडल्या, चहा ठेवला. म्हणाली, "किती वर्षं याची वाट बघितली हो." मी आभाळाकडे बघून म्हटलं, पाणी साचेल, कापड ताणलं जाईल, आवरू या. एक दिवस आधीच निघालो. चहा तिनं ओतून टाकला. आळेफाट्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, आणि मी आपला आरशातून छत बघतोय, हललं तर नाही ना.
तिचं मन मोडलं मी, एका कापडापायी. आणि तेही धड राखता आलं नाही.

२ ऑक्टो., दसरा
सु. मंडईतून झेंडू घेऊन थेट पार्किंगमध्येच आली. छत उघडं होतं, डाग दिसलेच.
म्हटलं, "ओलंच गुंडाळलं. तुझं ऐकायला हवं होतं."
"डोक्यात पोचलं का? चार महिन्यांनी?"
हार घातला, पूजा झाली. मग व्हॅनमधली खुर्ची काढून छताखाली बसली. एकच काढली. दुसरी मी काढली.
थेंब पडायला लागले. सवयीनं हात गुंडाळायच्या हँडलकडे गेला. "असू दे हो," म्हणाली. हात मागे घेतला. पाणी साचलं, आणि नव्या शिवणीतून टपटप, नेमकं माझ्या खांद्यावर. हसली. या छताखाली प्रथमच.
भंडारदऱ्याला चलतेस का, हे ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मुलीचा फोन. बोलत बोलत वर गेली, खुर्ची तशीच.
छत अजून उघडंच आहे. उद्या ऊन पडलं तर वाळेल.
विचारायचं राहिलंच.